आधी धान्य, मग वाइन

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

नाशिकला नोकरीला लागल्यावर रोजच्या विकतच्या डब्यावर न राहता घरीच ऋतूप्रमाणे सकस स्वयंपाक करायचे तू ठरवलेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. पत्रात तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये भाकरीपलीकडे कशी वापरावीत आणि तुझ्या परिसरात तयार होणारी वाइन या जेवणात कशी घालावी. उत्तर देताना मी हाच क्रम ठेवणार आहे. शरीराला पोषण देण्याचे काम धान्याचे, डाळीचे आणि भाजीचे आहे. वाइन त्या जेवणात चवीसाठी येते, आणि तिची नेमकी जागा कळली तरच ती तिथे शोभते.

धान्याची सुरुवात गिरणीपासून कर. बाजरीत स्निग्धांश ज्वारी, गहू, तांदूळ यांच्यापेक्षा जास्त, साधारण पाच टक्के असतो, त्यामुळे दळल्यानंतर तिचे पीठ लवकर कडवट होते. म्हणून आठवडाभर पुरेल एवढीच बाजरी दळून आणावी. ज्वारीचे पीठ इतक्या लवकर कडू होत नाही, पण जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. नवशिक्या मुलींना वाटते की दोष आपल्या हाताचा आहे, प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा पिठाचा असतो. या धान्यांत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पिठाला धरून ठेवण्याचे काम गरम पाण्यालाच करावे लागते. तेव्हा पाण्याला चांगली उकळी आणून उकड काढ, ती कोमट असतानाच मळ आणि मळलेला गोळा ताटकळत न ठेवता लगेच थाप.

आता ऋतूचे पाहू. बाजरी हे खरिपाचे पीक असल्याने दिवाळीच्या आसपास नवी बाजरी बाजारात येते आणि थंडीभर आपण ती तीळ, गूळ, लोणी यांच्याबरोबर खातो. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. त्याआधी डिसेंबर-जानेवारीत तिची कोवळी कणसे भाजून हुरडा होतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचे टपोरे, मोत्यासारखे दाणे अख्खे शिजवण्यासाठी मला सर्वांत आवडतात. नाचणी कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या वरकस जमिनीवर पिकते, आणि तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, इतके ते आपल्या नेहमीच्या दुसऱ्या कोणत्याही धान्यात आढळत नाही. मात्र या सगळ्या धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते. म्हणून दोन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण तू सवयीने पाळावेस. आपल्या आज्या-पणज्या भाकरीबरोबर पिठले किंवा उसळ वाढत आल्या, त्यात हेच साधत होते.

भाकरीपलीकडचा पहिला पदार्थ म्हणून बाजरीचा खिचडा शीक. बाजरीला पाण्याचा हात लावून ती थोडा वेळ झाकून ठेवावी, मग खलबत्त्यात कांडून किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून तिचा कोंडा सुटा करावा आणि तो पाखडून टाकावा. दोन वाट्या बाजरीला एक वाटी मूगडाळ, चवीला मीठ, हिंग आणि आले घालून चौपट-पाचपट पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवावे. वरून तूप आणि बरोबर लसणाची चटणी असली की थंडीच्या रात्री आणखी काही लागत नाही. या पदार्थात वाइन घालू नकोस. त्याची चव मुळातच पूर्ण आहे.

दुसरा पदार्थ अख्ख्या ज्वारीचा, आणि वाइनचा विषय इथून खऱ्या अर्थाने सुरू होतो. चार माणसांसाठी एक मोठी वाटी ज्वारी रात्रभर भिजवून सकाळी तिप्पट पाणी आणि थोडे मीठ घालून कुकरला लावावी. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून अर्धा तास ठेवली की दाणे फुलतात, पण दाताखाली थोडे टणकही राहतात. शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, कारण दाटपणा त्यातूनच येतो. पसरट भांड्यात तेल आणि थोडे लोणी तापवून त्यात बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर मऊ करावा, मग लसणाची पात, गाजराचे लहान तुकडे, मटार आणि ओल्या हरभऱ्याचे सोले परतावेत. भाज्या अर्ध्याकच्च्या असताना अर्धी वाटी, म्हणजे साधारण 100 मिलिलीटर, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाइन घालून आच वाढवावी आणि ती जवळजवळ आटेपर्यंत हलवत राहावे. त्यानंतर ज्वारी तिच्या पाण्यासकट घालून ती सैलसर खिरीइतकी दाट होईपर्यंत शिजवावी, आणि शेवटी मिरपूड, कोथिंबीर आणि भाजलेल्या दाण्यांचे भरड कूट घालावे. वाइन सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची असावी; नाशिककडची शेनिन ब्लाँ पुष्कळदा किंचित गोडसर असते आणि गाजर-मटारांची गोडी आधीच असताना त्या पदार्थाला ती झेपत नाही.

ज्वारी आधी शिजवून वाइन नंतर का घालायची, असे तू विचारशील. इटलीच्या उत्तर भागात रिसोत्तो हा मऊ, सैलसर भाताचा पदार्थ करताना वाइन अगदी सुरुवातीला, तांदूळ परतल्याबरोबर घालतात. पण तो तांदूळ कोंडा काढलेला असतो आणि अठरा-वीस मिनिटांत शिजतो. आपली अख्खी ज्वारी कोंड्यासकट असते, आणि आंबट पाण्यात धान्य व कडधान्य दोन्ही मऊ पडायला फार वेळ घेतात. वरणात चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यानंतर घालण्याची आपली रीत आहे, तिच्यामागे हेच कारण आहे.

या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच सांगतो. पातेल्यात पडल्यावर वाइनला आंबट समजावे. चिंचेतले मुख्य आम्ल आणि द्राक्षातले मुख्य आम्ल एकच, टार्टारिक आम्ल. त्यामुळे आपल्या स्वयंपाकात वाइनला मुळीच उपरे समजू नये, तिची जागा चिंचेशेजारी आहे. ही जागा किती सहज अदलाबदल होऊ शकते, याचे उदाहरण गोव्यात आहे. पोर्तुगीजांबरोबर मांस वाइन आणि लसणात मुरवण्याची रीत तिथे आली, आणि गोव्याच्या स्वयंपाकघरात वाइनचे काम माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने केले. विंदालू त्यातूनच घडले. म्हणून ज्या पदार्थात वाइन घालशील, त्यातले दुसरे आंबट काढून टाक. टोमॅटो, दही, चिंच आणि वाइन एकाच रश्श्यात एकत्र आली की जीभ गोंधळते आणि महागाची वाइन वाया जाते. घरगुती प्रयोग फसतात, ते बहुतेक याच एका कारणाने, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

तांबड्या वाइनला आंबटाच्या जोडीला तुरटपणाही असतो आणि ती आटवली की तुरटपणा वाढतो. तो मवाळ करायला स्निग्धपणा आणि मीठ लागते. म्हणूनच ती मटणाशी किंवा सुक्या खोबऱ्याच्या वाटणाशी जुळते आणि पालेभाजीशी जुळत नाही. अर्धा किलो हाडांसह मटण घेतलेस तर आधी कांदा चांगला तांबूस परत, आले-लसूण आणि अख्खा खडा मसाला घाल, मटण परतून घे आणि मग एक पेला, म्हणजे 150 मिलिलीटर, शिराझ ही तांबडी वाइन ओतून झाकण न ठेवता कच्चा वास जाईपर्यंत उकळ. त्यानंतरच गरम पाणी घालून मंद आचेवर दीड-दोन तास शिजू दे. तिखट नेहमीपेक्षा निम्मे ठेव, कारण झणझणीत मसाल्यात वाइनची चव तर हरवतेच, शिवाय मद्याने जिभेची आग अधिक जाणवते. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यात वाइन घालण्याचा आग्रह काही जण धरतात. मला तो पटत नाही, त्या रश्श्याला आपली चव आहे आणि तिला मदतीची गरज नाही. तू हा शिराझचा रस्सा ज्वारीच्या भाकरीशी खा. पातळ रस शोषून घेण्यात तिची बरोबरी पोळी करू शकत नाही.

मटण नको असेल त्या दिवशी कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा आण. तो रात्रभर भिजवून वेगळा पूर्ण मऊ शिजव, कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण परत, त्यात तांबडी वाइन आटव आणि शेवटी घेवडा घालून दहा-पंधरा मिनिटे एकजीव होऊ दे. बाजरीची भाकरी, हा घेवडा आणि मुळ्याची कोशिंबीर एवढे जेवण श्रमाचे काम करणाऱ्या माणसालाही पुरते. कोशिंबिरीवर लिंबू जरूर पिळ, कारण धान्यातले आणि कडधान्यातले लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते. ते लिंबू कोशिंबिरीत राहते, रश्श्यात नाही, म्हणून आंबटाचा नियमही मोडत नाही.

भांड्याबद्दल एक सूचना लक्षात ठेव. वाइनचे पदार्थ लोखंडी कढईत किंवा साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नयेत. आम्लामुळे धातू अन्नात उतरतो, आणि वाइनला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की रस काळा पडून त्याला धातूची चव लागते. जाड बुडाचे स्टील सर्वांत चांगले.

मद्याचा अंश उकळताच संपूर्ण उडून जातो, हा समज तू मनातून काढून टाक. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार पंधरा मिनिटे शिजवल्यावर सुमारे 40 टक्के, एक तासाने सुमारे 25 टक्के आणि अडीच तासांनीही सुमारे 5 टक्के मद्यार्क पदार्थात उरतो. मुळात प्रमाण थोडे असते हे खरे, तरीही लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मद्य टाळण्याचा सल्ला मिळालेले लोक यांच्यासाठी असा पदार्थ वाढू नये. जेवायला माळकरी पाहुणा असेल, किंवा ज्याच्या धर्मात मद्य वर्ज्य आहे असा कोणी असेल, तर त्याला ताट वाढण्याआधी स्पष्ट सांगावे किंवा त्या दिवशी वाइनला हातच लावू नये. अन्न वाढणाऱ्यावर खाणारा विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास चवीपेक्षा मोठा आहे.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाइन मी चुलीपासून दूरच ठेवतो. उन्हाळ्यात नाचणीची आंबील, ताक, कैरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या यांनी जेवण होते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली या रानभाज्या येतात. त्यांचा कडसरपणा आणि रानाचा वास हीच त्यांची श्रीमंती असल्याने लसूण, मिरची आणि फार तर ओले खोबरे यांपलीकडे त्यांना काही लावू नये. थंडीची गोष्ट वेगळी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वाढलेली वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडली जातात, म्हणजे हुरडा, ओला हरभरा, घेवडा, गाजर आणि नवी द्राक्षे ही सगळी तुझ्या आसपासच्या शेतांत एकाच वेळी असतात. एकाच मातीतल्या आणि एकाच हंगामातल्या या गोष्टी एका ताटात आणण्यात मला खरा अर्थ दिसतो.

वाइन विकत घेताना फार महाग घेऊ नकोस, पण नुसती पिऊन पाहिल्यावर नकोशी वाटेल अशीही घेऊ नकोस, कारण आटवल्यावर तिचे दोषही दाट होतात. गोव्याकडून लोक पोर्ट नावाची गोड वाइन आणतात, ती रश्श्यासाठी अजिबात चालत नाही. तिच्यातली साखर आटून पदार्थ पाकासारखा होतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपत नसेल तर उरलेली वाइन बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावी. पुढच्या वेळी लागतील तेवढेच खडे काढता येतात, आणि एका पातेल्यासाठी बाटली उघडून उरलेली पीत बसण्याचा प्रसंग येत नाही.

पहिला बेत तू भोगीच्या नंतरच्या रविवारी कर. भोगीला मात्र परंपरेप्रमाणे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगी, गाजर, सोले, बोरे, उसाचे करवे घातलेली मिसळीची भाजीच असू दे. तिच्यात बदल नको. रविवारसाठी आदल्या रात्री दोन वाट्या ज्वारी भिजत घाल. सकाळी सगळी एकदम शिजवून घे, निम्मी दुपारी वाइन आणि भाज्यांत वापर, आणि उरलेली फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी दही, काकडी, मीठ आणि हिरव्या मिरचीची फोडणी घालून डब्यात ने. ज्वारीचे दाणे कितपत फुलले आणि वाइन आटायला किती वेळ लागला, हे मला लिहून कळव. त्यावरून पुढच्या पत्रात तुझ्या चुलीच्या आचेप्रमाणे प्रमाणे सांगता येतील.

तुझा,
काका