एमआरआयमध्ये ‘पार्शल टेअर’, मग ऑपरेशन करायचं की नाही?

प्रश्न : मी हर्णैचा, वय २९, मासेमारी करतो. तीन आठवड्यांपूर्वी होडीतून पाण्यात उतरताना पाय वाळूत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात ‘कट्ट’ झालं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. एक्स-रे चांगला आला. चौथ्या दिवशी एमआरआय केला, त्यात ‘एसीएल पार्शल टेअर’ लिहिलंय. एक डॉक्टर ऑपरेशन सांगतात, दुसरे व्यायाम. पुन्हा एमआरआय करू का?

उत्तर : दादा, एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा दोर दिसत नाही. एमआरआयमध्ये ते दिसतं आणि पूर्ण तुटलेलं असेल तर बहुतेक वेळा ओळखू येतं. अडचण अर्धवट फाटलेल्याची, म्हणजे ‘पार्शल टेअर’ची. एसीएल हे असंच एक लिगामेंट, म्हणजे दोन पेडांचा दोर, बोटाएवढा जाड आणि गुडघ्यात तिरका बसलेला. मशीन त्याचे तीन-चार मिलिमीटरचे काप दाखवतं. चौथ्या दिवशी तर आत रक्त साकळलेलं, सूज भरलेली. दिसणारा पांढुरका भाग फाटल्याचा की नुसत्या सुजेचा, हे अशा वेळी रेडिओलॉजिस्टलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुमच्या होडीवरचा जुना दोर बघायला जाड वाटतो. किती पेड शाबूत आहेत ते ताण दिल्यावरच कळतं. म्हणून मी फिल्म लावण्याआधी गुडघ्याला हात लावतो. २०-३० अंशांत वाकवून नडगी पुढे ओढायची आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघायची. हिला लॅकमन तपासणी म्हणतात. नडगी थोडी सरकून टक्कन थांबली, तर उरलेला दोर काम करतोय. सैल सरकत गेली, तर कागदावर ‘पार्शल’ असलं तरी मला काळजी वाटते. सुरुवातीच्या वर्षांत याच शब्दावर विसंबून मी एका कबड्डीपटूला नुसत्या व्यायामावर ठेवलं. चार महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा दोर नावापुरता उरला होता आणि मधल्या काळात गुडघा सटकून सटकून आतल्या हाडांमधली गादीही फाटली होती. ते मला अजून टोचतं.

पुन्हा एमआरआयवर आत्ता पैसे घालू नका. सूज उतरली असेल तर लॅकमन तपासणी करून घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना विचारा, ‘गुडघा सैल किती आहे?’ घट्ट असेल, चालताना सटकत नसेल, तर मांडीचे व्यायाम मनापासून करा. सटकत असेल तर तुमच्या कामात ऑपरेशनचा विचार करावाच लागेल. गुडघा मध्येच अडकत असेल तर मात्र थांबू नका, गादीचा तुकडा आत अडकलेला असू शकतो. तपासणीला जाताना रिपोर्टाबरोबर एमआरआयची सीडीही न्या. तोवर होडीवर जाऊ नका.