रेल्समध्ये तीच तयारीची ओळ चार ॲक्शनमध्ये लिहावी लागते, ती एका जागी कशी आणू?

लातूरच्या आडत दुकानाच्या पट्ट्यांचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदांचं) ॲप रेल्समध्ये, म्हणजे रुबी भाषेच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, आहे आणि शो, एडिट, अपडेट, डिस्ट्रॉय या चारही ॲक्शनच्या तोंडाशी पट्टी शोधायची तीच ओळ आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती ओळ उचलून कंट्रोलरच्या (या ॲक्शन ज्या क्लासमध्ये आहेत त्याच्या) तळाशी प्रायव्हेटखाली एका मेथडमध्ये ठेवा. वर बिफोर ॲक्शनला (ॲक्शनच्या आधी मेथड चालवणाऱ्या ओळीला) त्या मेथडचं नाव द्या आणि ओन्लीमध्ये या चार ॲक्शन लिहा. जुन्या लेखांत याचंच जुनं नाव बिफोर फिल्टर दिसेल, रेल्स ५.१ मध्ये ते नाव काढून टाकलं.

शोधताना सगळ्या पट्ट्यांतून शोधू नका, लॉगिन केलेल्या आडत्याच्या दुकानाच्या पट्ट्यांतूनच फाइंड करा. नाहीतर ब्राउझरमधल्या पत्त्यातला पट्टीचा क्रमांक ४१२ चा ४१३ केला की दुसऱ्या दुकानातल्या शेतकऱ्याचं वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं उघडं पडतं. हे अजिबात चालायचं नाही. फाइंडला पट्टी सापडली नाही तर प्रॉडक्शनमध्ये आपोआप ४०४ (पान सापडलं नाही) जातो. फाइंड बाय मात्र निल (काहीच नाही) देऊन गप्प बसतं आणि चूक पुढे व्ह्यूमध्ये फुटते.

खरा घोळ फॉर्मच्या यादीचा. न्यूमध्ये तुम्ही सोयाबीन, तूर, हरभरा अशी ड्रॉपडाउनची यादी भरता. क्रिएटमध्ये वजन रिकामं राहिलं, सेव्ह झालं नाही, की आपण न्यू रेंडर करतो. रेंडर फक्त टेम्पलेट काढतं, न्यू मेथड चालवत नाही. मग यादी निल आणि पान कोसळतं. म्हणून यादी भरणारी मेथड न्यू, क्रिएट, एडिट, अपडेट या चारही ठिकाणी लावा. सेव्ह झालं तर क्वेरी वाया जाईल ही भीती नको: यादी नुसती रिलेशन (अजून न चालवलेली क्वेरी) म्हणून ठेवली तर व्ह्यूने मागेपर्यंत डेटाबेसकडे काही जात नाही.

एकाच मेथडचं नाव दोन बिफोर ॲक्शनमध्ये, एकदा शोसाठी आणि खाली पुन्हा एडिटसाठी, लिहू नका. दुसरं पहिल्याला पुसून टाकतं आणि शोमध्ये पट्टी निल येते. दोन्ही ॲक्शन एकाच ओन्लीत घ्या.

क्रमही बघा. लॉगिनची तपासणी आधी, पट्टी नंतर, कारण दुकान लॉगिनवरूनच कळतं. तपासणीत फॉल्स परत करून बिफोर ॲक्शनची साखळी थांबत नाही. रीडायरेक्ट किंवा रेंडर केलं तरच थांबते.

पावत्यांच्या कंट्रोलरलाही हीच तयारी लागली तर कन्सर्न (कंट्रोलरांत वाटून वापरायचं मॉड्यूल) करा. ॲप्लिकेशन कंट्रोलरमध्ये फक्त लॉगिन राहू द्या.