पोस्टग्रेस डेटाबेससाठी सी भाषेत लिहिलेला ट्रिगर (नोंद घालताना-बदलताना आपोआप चालणारं फंक्शन) चालतो, पण अपडेट केलेला दर बदलत नाही. काय चुकतंय?

हळदीच्या सौद्याची नवी नोंद नीट बसते, दर दुरुस्त केला की मात्र एररही येत नाही आणि जुनाच दर राहतो, असं तुम्ही म्हणता. घोळ फंक्शनच्या शेवटच्या ओळीत आहे. तुम्ही टीजी_ट्रिगटपल (पोस्टग्रेस ट्रिगरच्या हाती देतं ती रो, म्हणजे टेबलातली नोंद) परत करताय. इन्सर्टला, म्हणजे नोंद घालताना, त्यात नवी रो असते, पण अपडेटला, म्हणजे नोंद बदलताना, जुनी. नवी असते टीजी_न्यूटपलमध्ये. बिफोर ट्रिगरनं, म्हणजे बदल लिहिण्याआधी चालणाऱ्या ट्रिगरनं, जुनी रो हातात दिली की पोस्टग्रेस बिचारं तीच परत लिहितं. तेव्हा आधी ट्रिगर_फायर्ड_बाय_अपडेट (ट्रिगर अपडेटमुळे चालला का, ते सांगणारा मॅक्रो) तपासा, मग काय परत करायचं ते ठरवा. नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता) दिलात तर ती रो गुपचूप वगळली जाईल.

आणि खरं सांगू का, एवढ्याशा कामाला सी कशाला? पीएल-पीजीएसक्यूएल, ही पोस्टग्रेसची स्वतःची सोपी भाषा, पुरे. सांगलीतल्या एका अडत दुकानासाठी मीही ही हौस केली होती. एक पॉइंटर चुकला, बॅकएंड (एक कनेक्शन सांभाळणारी सर्व्हरची प्रोसेस) कोसळला, आणि अशा वेळी पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनंही तोडतं. तेही भर सौद्यात! हमालापासून शेठपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते.