मोहरीच्या कुंड्या आणि तिसरी नीट

खेड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलीची डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा हुकली, तिसऱ्यांदा ती बसायला तयार नाही. कारखान्यांच्या नाल्याकाठची माती कुंड्यांत भरून तिने मोहरी लावली होती. एका पावसाळ्यात मोहरी शिसं काढून टाकते, असं तिचं म्हणणं. वडिलांनी चिडून कुंड्या परड्यात उपड्या केल्या. 'तिला समजवा,' असं ते लिहितात.

सप्रेम नमस्कार.

आधी परड्यात जा. हातमोजे घालून ती माती मोहरीसकट पिंपात भरा, झाकण लावा. गुरांना तो पाला घालू नका, चुलीत जाळू नका. जवळचा माठ, पालक यंदा खाऊ नका. अशा मातीत शिशासारखंच विषारी कॅडमियमही असू शकतं आणि पालेभाज्या ते पटकन ओढतात. त्यात आपली लाल माती आम्लधर्मी, म्हणजे धातू मुळांना आणखी सहज मिळतो.

आता मुलीबद्दल. तिला मी समजावणार नाही. तुमच्या शब्दाखातर तिने दोन वर्षं दिली, तिसरं मागायचा हक्क तुम्हाला नाही. दोन कुंड्यांत तर नुसतीच माती होती, रोप नाही की काही नाही, असं तुम्ही हिणवून लिहिलंय. अहो, त्याच कुंड्या मोलाच्या! मोहरीने काय केलं, हे बिनझाडाच्या कुंडीशी ताडूनच कळतं. कुणी न शिकवता हे तिला सुचलं असेल, तर ती पोर रिकामटेकडी नाही.

मात्र तिचाही एक समज चुकीचा आहे. एक हेक्टर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटर थर सुमारे 20 लाख किलो भरतो. किलोमागे 100 मिलिग्रॅम जादा शिसं धरलं, तर झालं 200 किलो. हेक्टरी 5 टन वाळका पाला निघाला आणि त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसं चढलं, तरी एका पिकाने निघतं अर्धा किलो. म्हणजे 400 पिकं! शिसं मातीला घट्ट चिकटतं, जे निघतं तेही बहुतेक मुळातच अडकतं. शिवाय धातू झाडात जिरून नाहीसा होत नाही. कापलेला पाला घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागतो. आर्सेनिक पानांत साठवणारं टेरिस विटाटा हे नेचं वेगळं. शिसं असलेल्या जमिनीत वाळा लावून माती धरून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

वाट सरळ आहे: एमएचटी-सीईटी, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून चार वर्षांची बी.एस्सी. अ‍ॅग्री, पुढे मृदशास्त्रात एम.एस्सी. 'शेतीच करायची तर शिकायचं कशाला' हे तुमचं वाक्य तिच्यासमोर पुन्हा काढू नका.

प्रयोग पुन्हा करायला पडवीची एक बाजू तिला मोकळी करून द्या. कुंड्या पागोळीखाली नकोत. खालच्या बशीत उतरलेलं पाणी त्याच कुंडीत परत ओतायचं, नाहीतर धातू पाण्यावाटे गेला की मोहरीने ओढला, ते कळणार नाही. तपासणीला देण्याआधी पाला नीट धुऊन 70 अंशांवर वाळवायचा. पानावर चिखल राहिला तर शिशाचा आकडा फुगतो.