आधी लेआउट तपासा, मग लॅपटॉपला दोष द्या

ताई, तुम्ही लिहिलंय की घरच्या डेस्कटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) हातात पक्का बसलाय, पण नव्या नोकरीत मिळालेल्या लॅपटॉपला नंबरपॅडच नाही. कॅप्सलॉक धरून खालचा बाण दाबला की एक ओळ वाचून गप्प. कॅप्सलॉक + एफ७ दाबलं की लिंकची यादी उघडायच्या ऐवजी आवाज कमी-जास्त होतो. आणि ऑफिसचा आयटीवाला म्हणतो, "तुमचं सॉफ्टवेअर आमच्या सिस्टिमला सूट होत नाही." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. हेच वाक्य मला ऐकवलं गेलंय आणि ते मला फार महागात पडलंय.

आधी तुमचं काम. एक ओळ वाचून थांबतोय याचा अर्थ एनव्हीडीए तुमचं व्यवस्थित ऐकतोय. फक्त तो लॅपटॉप लेआउटवर (लेआउट म्हणजे कुठल्या कीजनी कुठली आज्ञा द्यायची याची मांडणी) आहे आणि तुमची बोटं डेस्कटॉप लेआउटची आहेत. डेस्कटॉप लेआउटमध्ये इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे इथून पुढचं सगळं वाच. लॅपटॉप लेआउटमध्ये त्याच जोडीचा अर्थ रिव्ह्यू कर्सर (टायपिंगची जागा न हलवता नुसतं वाचत फिरणारा कर्सर) एक ओळ खाली ने, एवढाच. सगळं वाचायला तिथे एनव्हीडीए + ए (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्सलॉक, जी ठरवली असेल ती), चालू ओळीसाठी एनव्हीडीए + एल. खिडकीच्या शीर्षकाचा एनव्हीडीए + टी, वेळेचा एनव्हीडीए + एफ१२, ब्राउजरमधले हेडिंगचा एच, लिंकचा के, बटणाचा बी, लिहायच्या चौकटीचा ई हे सगळं दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे फार काही नव्याने शिकायचं नाहीये. एनव्हीडीएच्या मेनूत हेल्पखाली 'कमांड्स क्विक रेफरन्स' आहे, त्यात दोन्ही लेआउटचे रकाने शेजारी-शेजारी आहेत. नेटवरच्या याद्यांच्या मागे लागू नका. का ते खाली येतंच आहे.

एफ७ चं दुखणं वेगळं. ते एनव्हीडीएचं नाही, लॅपटॉपचं आहे. आजकाल वरची ओळ आवाज, ब्राइटनेस, माइक यासाठी ठेवलेली असते आणि खरा एफ७ हवा असेल तर एफएन धरावा लागतो. हा एफएन कीबोर्डच्या आतच निकालात निघतो, बहुतेक वेळा विंडोजपर्यंत पोचतच नाही, म्हणून एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी तो सापडणार नाही. लेनोवो आणि डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर एफएन + एस्केप दाबलं की ही अदलाबदल कायमची होते. एचपीवर अनेकदा बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन 'ॲक्शन कीज मोड' बंद करावा लागतो. बायोसमध्ये स्क्रीन रीडर बोलत नाही, शिवाय कंपनीच्या मशिनला बायोसचा पासवर्ड असतो, त्यामुळे तिथे आयटीवाल्याचेच हात लागतील. (मी आयटीतला माणूस नाही, बॅक ऑफिसमध्ये काम करतो. मॉडेलप्रमाणे फरक पडेल, तेवढं धरून चला.)

कुठली की काय करतेय याची शंका आली तर एनव्हीडीए + १ दाबा. इनपुट हेल्प चालू होते. मग कुठलीही की दाबा, ती तिचं काम करत नाही, फक्त स्वतःचं नाव आणि काम सांगते. परत एनव्हीडीए + १ दाबलं की बंद. एफ७ दाबल्यावर तिथे "एफ७" ऐकू आलं नाही, तर की एनव्हीडीएपर्यंत पोचलेलीच नाही. माझ्या मते स्क्रीन रीडरच्या क्लासमध्ये पहिल्या तासाला ही एक गोष्ट शिकवली आणि बाकीची पाठांतरं नंतर केली तरी चालेल. आमच्या क्लासमध्ये उलट होतं. मोठे कीबोर्ड, नंबरपॅड, आणि नंबरपॅडवरचे सात-आठ-नऊ रोज घोकून घ्यायचे. लेआउट दोन असतात हे कुणी सांगितलंच नाही.

आता माझ्याबाबतीत काय झालं ते. कंपनीचं नाव लिहीत नाही. हेल्पडेस्कने माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून दिला, कॅप्सलॉक एनव्हीडीए की म्हणून टिक केला आणि लेआउट मात्र डेस्कटॉपच ठेवला. सोबत नेटवरून काढलेली शॉर्टकटची यादी मेल केली, ती होती लॅपटॉप लेआउटची. यादीत लिहिलेलं, निवडलेला मजकूर ऐकायला कॅप्सलॉक + शिफ्ट + एस. माझ्या कामात केस नंबर निवडून तपासावा लागायचा, म्हणजे ही जोडी दिवसभर लागणार. डेस्कटॉप लेआउटमध्ये हीच जोडी त्या ॲप्लिकेशनपुरता एनव्हीडीएला झोपवते. "स्लीप मोड ऑन" एवढं बोलतो आणि त्या खिडकीत चिडीचूप. ऑल्ट टॅबने मेलमध्ये गेलं की बोलतो, परत आलं की मुका. ॲप्लिकेशन बंद करून उघडलं की पुन्हा बोलायला लागतो, पुढचा केस नंबर तपासेपर्यंत.

मी हेल्पडेस्कला शब्दशः सांगितलं की गप्प होण्याआधी तो "स्लीप मोड ऑन" म्हणतो. त्यांनी काय करावं? विंडोजचं पॉवर सेटिंग उघडलं, लॅपटॉप कधीही झोपणार नाही असं करून ठेवलं आणि तिकीट, म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद, बंद. दुसऱ्या दिवशी तेच. मग रिमोटवर यायचे, माऊसने इकडे तिकडे क्लिक करायचे, त्यांच्यासमोर नेमका तो बोलायचा कारण ॲप्लिकेशन नुकतंच उघडलेलं असायचं. मग एनव्हीडीए काढून परत टाकला. परत डेस्कटॉप लेआउट, परत तीच यादी. एकदाही कुणी शेजारी खुर्ची ओढून बसलं नाही की "तुम्ही नक्की कुठलं बटण दाबता ते दाखवा" म्हणालं नाही. फोनवर एकाने हेही ऐकवलं की फुकटचं सॉफ्टवेअर आहे, असंच चालणार. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६ पासून उभं केलेलं हे सॉफ्टवेअर जगभर लोक नोकरीच्या कामासाठी वापरतात. फुकट आहे कारण स्क्रीन रीडरसाठी अंध माणसाला खिसा रिकामा करावा लागू नये, हा त्यामागचा विचार आहे. फुकट म्हणजे कच्चं हे डोक्यातून काढा, आणि कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

शेवटी तिकिटावर शेरा पडला: स्क्रीन रीडर ॲप्लिकेशनशी सुसंगत नाही. तो शेरा माझ्या मॅनेजरपर्यंत गेला. केसेसचं काम काढून घेतलं, फोनवरचे निरोप लिहून घ्यायला बसवलं आणि प्रोबेशन वाढवलं. सगळं त्या एका ओळीच्या जोरावर.

उलगडा झाला तो सेंट्रलच्या लोकलमध्ये, दिव्यांगांच्या डब्यात. रोजच्या ओळखीतले एक दृष्टिहीन गृहस्थ बँकेत होते. मी सांगितलं तसं त्यांनी एकच विचारलं, "लेआउट कुठला?" आणि डब्यातच लॅपटॉप उघडायला लावला. कॅप्सलॉक + कंट्रोल + के दाबलं, कीबोर्डचं सेटिंग उघडलं, टॅब करत लेआउटच्या बॉक्सवर आलो. "डेस्कटॉप." खालचा बाण, "लॅपटॉप," एंटर. संपलं. कल्याण यायच्या आत. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर केसेस तपासून दाखवल्या, मॅनेजरने मान्यही केलं. पण बंद तिकिटावरचा शेरा काही कुणी काढला नाही. हेल्पडेस्क म्हणे बंद तिकीट एडिट होत नाही. पर्मनंट व्हायच्या वेळी एचआरने तोच शेरा वाचून दाखवला. त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, तिकिटात "स्क्रीन रीडर चालत नाही" असं कधीही लिहू नका. कुठली की दाबली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे लिहा. एनव्हीडीएच्या मेनूत टूल्सखाली 'स्पीच व्ह्यूअर' आहे, तो चालू करा. एनव्हीडीए जे बोलतो ते सगळं स्क्रीनवर अक्षरात दिसतं. डोळस माणसाचा कानावर विश्वास नसतो, डोळ्यावर असतो. त्यांना वाचू द्या. आणि तिकीट चुकीच्या शेऱ्याने बंद केलं तर त्याच दिवशी मेलवर लेखी हरकत घ्या, मॅनेजरला सीसीत ठेवून.

तरीही ऐकलं नाही तर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी आणि लायझन ऑफिसरची (दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या बाबी पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) नेमणूक याही गोष्टी यायला हव्यात. एचआरकडे ते धोरण मागा. नुसतं मागितलं तरी बरीच चक्रं फिरतात. मी वकील नाही, कायद्याचा सल्ला म्हणून घेऊ नका, पण धोरण मागायला वकील लागत नाही.

तुम्ही विचारलंय की लॅमिंग्टन रोडवरून नंबरपॅडवाला यूएसबी कीबोर्ड आणू का. माझं स्पष्ट मत, नको. डेस्कवर असेपर्यंत छान वाटेल, पण मीटिंग रूममध्ये किंवा घरून काम करताना तो सोबत नसणार आणि बोटं दोन्हीकडे अडखळतील. थोडे दिवस त्रास होईल, पण लॅपटॉप लेआउटच हातात बसवा. मोठमोठे आकडे सतत टाकायचं काम असेल तर गोष्ट वेगळी, मग घ्या.

बाकी किरकोळ. कॅपिटल अक्षरांसाठी कॅप्सलॉक पटकन दोनदा दाबायचा. एनव्हीडीए अचानक बंद पडला तर कंट्रोल + ऑल्ट + एन, इन्स्टॉल करताना तो शॉर्टकट बंद केला नसेल तर. सेटिंग जमलं की एनव्हीडीए + कंट्रोल + सी ने सेव्ह करा आणि विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधलं एनव्हीडीएचं फोल्डर स्वतःच्या ऑफिस ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. आयटीवाले लॅपटॉप फॉरमॅट करतात तेव्हा सगळ्यात आधी तेच जातं. आणि ऑफिसचं एखादं मराठी परिपत्रक उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ ऐकू आला तर स्वतःला किंवा एनव्हीडीएला दोष देऊ नका. ते युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार. पाठवणाऱ्याकडून युनिकोड प्रत मागून घ्या, दर वेळी मागा, लाजू नका.

एफएन + एस्केपने काम झालं नाही तर लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल इथे लिहा. आणि उद्या ऑफिसला गेलात की पहिल्यांदा त्या आयटीवाल्याने तिकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.