बाबांच्या दंडावरच्या चट्ट्याच्या बायोप्सीत 'पेरिन्युरल ग्रॅन्युलोमा, फाइट स्टेन निगेटिव्ह' लिहून आलंय. कॅन्सर आहे का?

नाही, ग्रॅन्युलोमा म्हणजे कॅन्सरची गाठ नव्हे. एखादा जंतू किंवा त्रासदायक गोष्ट शरीराला लवकर संपवता येत नाही, तेव्हा मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याच्याभोवती घोळका करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो हाच पुंजका. 'एपिथेलिऑइड' लिहिलं असेल तर त्याही याच पेशी, रूप बदलून लांबट झालेल्या.

टीबी, कुष्ठरोग, सार्कॉइडोसिस (फुप्फुस, त्वचा अशा अवयवांत सूज आणणारा आजार), काही बुरशीचे आजार, सगळ्यांत ग्रॅन्युलोमा असू शकतो. म्हणून तो कुठे बसलाय ते महत्त्वाचं. 'पेरिन्युरल' म्हणजे त्वचेतल्या नसेला धरून. तिथे पहिला संशय कुष्ठरोगाचाच घ्यावा लागतो. 'फाइट स्टेन निगेटिव्ह' वाचून निश्चिंत होऊ नका. फाइट स्टेन म्हणजे जंतू दिसावेत म्हणून तुकड्याला दिलेला रंग; त्यात कुष्ठाचे जंतू लाल दिसतात खरे, पण कमी जंतूंच्या प्रकारात ते पुष्कळदा सापडतच नाहीत. 'हायपरकेरॅटोसिस' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कातडीचा वरचा थर जाड झालाय एवढाच.

बाबांना विचारा, पऱ्हाटीत कापूस वेचताना त्या चट्ट्यावर बोंडाचं टोक टोचलं तर कळतं का? कुष्ठात चट्टा बधिर होऊ शकतो. कळो न कळो, रिपोर्ट घेऊन उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. निदान पक्कं झालं तर एमडीटीच्या (कुष्ठावरच्या एकत्रित औषधांच्या) गोळ्या तिथे मोफत मिळतात, कमी जंतू असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. उशीर नको, कारण पार निकामी झालेली नस गोळ्यांनी परत येत नाही. आणि घरात त्यांचं ताट, अंथरूण अजिबात वेगळं करू नका.