चेंडू झेलताना हात मागे नेला, तर आवेग कमी होतो का?

आपला प्रश्न असा आहे की, चेंडू झेलताना हात मागे नेला तरी चेंडूच्या संवेगातील (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) बदल तेवढाच राहतो आणि आवेग म्हणजे संवेगातील बदलच, तर मग हाताला कमी का लागते? शंका नेमक्या जागी आली आहे. मी देवगड परिसरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि 'हात मागे नेल्याने आवेग कमी होतो' हे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडतो. आवेग कमी होत नाही, बल कमी होते. आणि हाताला झोंबते ते बल.

आमच्या मुलांना हे चेंडूपेक्षा आंब्यावरून लवकर कळते. पाव किलोचा हापूस पाच मीटर उंचीवरून सुटला, तर खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर आणि संवेग सुमारे २.५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असतो. खाली कातळ असो की पेंढ्याचा जाड थर, आंबा थांबायचा तर हा संवेग शून्यावर यावाच लागतो. म्हणजे दोन्हीकडे आवेग २.५ न्यूटन-सेकंदच. (ही दोन एकके एकच आहेत, न्यूटनची फोड करून पाहावी.) समजा, कातळावर तो ०.००५ सेकंदात थांबला, तर सरासरी बल, म्हणजे आवेग भागिले वेळ, ५०० न्यूटन होते आणि पेंढ्यात थांबायला ०.१ सेकंद लागला, तर २५ न्यूटन. आंब्याचे वजनही धरले, तर दोन्हीकडे आणखी सुमारे २.५ न्यूटन मिळवावे लागतील, पण कातळाच्या हिशेबात ते कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. शिवाय ही सरासरी आहे. प्रत्यक्षात बल शून्यापासून वाढत जाते आणि पुन्हा उतरते. बल-काल आलेख त्रिकोणी मानला, तर त्याचे शिखर सरासरीच्या दुप्पट येते. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे आवेग. कातळाचा त्रिकोण उंच आणि अरुंद, पेंढ्याचा बुटका आणि पसरट, क्षेत्रफळ मात्र सारखे. असा कातळावर पडलेला आंबा उचलताना पुष्कळदा साबूत वाटतो, पण आढीत पिकू लागला की आपटलेल्या जागी मऊ, काळसर डाग उमटतो.

झेल्याचे, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळी लावलेल्या काठीचे, उदाहरण देताना मात्र सावध राहावे. झेल्याने उतरवलेला आंबा जाळीत जेमतेम वीतभर पडतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर आणि संवेग ०.५ इतकाच होतो. म्हणजे येथे आवेगच मुळात लहान आहे, आणि जाळी थोडी खाली दबते म्हणून वेळही वाढतो. पेंढा केवळ वेळ वाढवतो, झेला दोन्ही कामे करतो. परीक्षेत 'कारण सांगा' असा प्रश्न आला, तर यांपैकी नेमके काय घडते आहे हे आधी ठरवावे; चेंडू झेलणाऱ्याच्या हाती फक्त वेळ वाढवणे असते.

दुसरी ठरलेली चूक चिन्हाची. तोच आंबा कातळावरून सेकंदाला २ मीटर वेगाने उसळला, तर वेगातील बदल १० वजा २ म्हणजे ८ नव्हे, तर १२ मीटर प्रति सेकंद आहे, कारण दिशा उलटली. आवेग ३ न्यूटन-सेकंद, म्हणजे नुसते थांबण्यापेक्षा जास्त.

वेग कमी असला की आघातही किरकोळ, असे मात्र समजू नये. दहा टनांचा ट्रॉलर सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी वेगाने धक्क्याला लागतो, तेव्हा त्याचा संवेग ५००० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असतो. धक्क्यावर टांगलेल्या जुन्या टायरांनी त्याला थांबायला एक सेकंद मिळवून दिला, तर सरासरी बल ५००० न्यूटन. टायर नसताना लाकूड थेट काँक्रीटवर आदळून ०.०५ सेकंदात थांबले, तर एक लाख न्यूटन. संथपणे सरकणारी होडी पाहून नवखा माणूस ती अडवायला पाय पुढे करतो, आणि तांडेल (होडीचा प्रमुख) तिकडून ओरडतो तो याचसाठी.